शेवाळातून काढतात काय आणि आपल्या हाती येते काय

हिरव्या गोळ्यांची बाटली आता औषध दुकानापुरती राहिलेली नाही. वस्तीतल्या बचत गटात, कामगार वसाहतीत, कधी विहारातली महिला मंडळाची बैठक संपल्यावर ओट्यावरच ती पिशवीतून बाहेर निघते. विकणारी बहुधा ओळखीचीच असते. कुणाची नणंद, कुणाची जुनी शेजारीण. ‘ताई, यात साठ टक्के प्रोटीन आहे, रक्त वाढते, साखर उतरते, बी-१२ भरून निघते. समुद्रातले शेवाळ आहे, एकदम नैसर्गिक!’ पैसे हप्त्याने दिले तरी चालतात. मग घरी आल्यावर प्रश्न पडतो, घ्यावी का?

या प्रश्नाला नुसते ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरते. सूक्ष्म शेवाळातून खरोखर मौल्यवान वस्तू निघतात. त्यातल्या काहींनी औषधशास्त्राला आणि बाळांच्या आहाराला हातभार लावला आहे. पण कारखानदार ज्या वस्तूसाठी पैसे मोजतो ती वस्तू आणि बाटलीवर जिचे नाव सांगून माल खपवतात ती वस्तू, या दोन वेगळ्या आहेत. हे समजून घ्यायचे तर आधी शेवाळ कसे वाढवतात आणि त्यातून काय काढतात ते पाहावे लागेल.

खाण्याचा सोडा आणि लोणारचे पाणी

गोळ्यांमधले शेवाळ समुद्रातले नसते. त्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात. शास्त्रीय दृष्टीने ते शेवाळही नव्हे, ते प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. पण ‘निळे-हिरवे शेवाळ’ हे नाव रूढ झाले आहे, आपणही तेच वापरू. हे जीव मळसुत्रासारखे वळलेल्या बारीक धाग्यांच्या रूपात असतात आणि त्यांना खारट, सोडायुक्त पाणी लागते. ज्या पाण्यात इतर जीव तग धरत नाहीत तिथे ते फोफावतात. आपल्याकडचे उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. तिथले पाणी इतके अल्कधर्मी आहे की पीएच दहाच्या आसपास जातो, आणि त्या पाण्याच्या हिरवेपणात याच कुळातल्या शेवाळाचा मोठा वाटा आहे. (२०२० च्या जून महिन्यात हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले तेव्हा अनेकांनी दोष शेवाळालाच दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा तो रंग मिठात वाढणाऱ्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा निघाला.)

माणसाने हे शेवाळ खाणे नवे नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातल्या कानेम्बू समाजाच्या बायका डबक्यांतून हिरवा साका गोळा करतात, वाळूवर पसरून वाळवतात आणि त्याच्या वड्या कालवणात घालतात. त्या वड्यांना ‘दिहे’ म्हणतात. मेक्सिकोत टेक्स्कोको सरोवरावर अ‍ॅझ्टेक लोकही असेच करत. स्पॅनिश सैनिकांनी सोळाव्या शतकात तिथल्या बाजारात अशा वड्या विकताना पाहिल्या. म्हणजे हे गरिबांच्या कालवणात पडणारे अन्न होते. त्याला ‘सुपरफूड’ ही पदवी आणि तशी किंमत फार नंतर चिकटली.

आज त्याची शेती उथळ, लांबट हौदांत होते. पाणी वीतभर खोल. हौदाच्या मध्ये भिंत, एका टोकाला फिरते पात्याचे चाक. त्याने पाणी सतत गोल फिरत राहते, म्हणजे प्रत्येक धाग्याला आळीपाळीने ऊन मिळते. पाण्यात घालतात मुख्यतः खाण्याचा सोडा, लिटरला ८ ते १६ ग्रॅम, आणि थोडे मीठ, नत्र, स्फुरद, पालाश, लोह. भारतात चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यावर बरेच काम केले. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या ऊनैयूर येथे पॅरी कंपनीचे मोठे हौद आहेत. ऊन भरपूर, थंडी नाही, हे गणित तिथे जमते.

पण शेवाळ वाढवणे हा भाग सोपा. कठीण आहे ते पाण्यातून बाहेर काढणे. भरात आलेल्या हौदाच्या एका लिटर पाण्यात कोरडे शेवाळ असते अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे एक किलो पावडरीसाठी हजार ते दोन हजार लिटर पाणी गाळावे लागते. स्पिरुलिनाचे धागे लांब असल्याने ते बारीक जाळीच्या कापडावर अडकतात, म्हणून ते त्यातल्या त्यात स्वस्त पडते. क्लोरेला नावाचे दुसरे हिरवे शेवाळ म्हणजे सुटे सुटे गोल ठिपके, मिलिमीटरचे काही हजारांश भाग एवढेच. ते कापडातून निसटतात. दह्यातून लोणी काढताना जशी रवी फिरवतो त्याहून कितीतरी वेगाने फिरणारी यंत्रे लावून ते वेगळे करावे लागतात, आणि वर त्यांची पेशीभित्तिका इतकी चिवट की ती बारीक मण्यांच्या चक्कीत फोडल्याशिवाय आतला माल पचत नाही.

गाळून काढलेला ओला गोळा काही तासांत नासायला लागतो. म्हणून तो लगेच गरम हवेच्या फवाऱ्यात उडवून वाळवतात. जी पावडर खाली पडते तिच्या गोळ्या होतात. आपल्या बाटलीचा प्रवास इथे संपतो. यात अजून ‘काढलेले’ काहीच नाही. हे नुसते वाळवलेले शेवाळ आहे.

निळा रंग

खरा धंदा पुढे सुरू होतो. स्पिरुलिनाच्या पावडरीत हिरव्या रंगाखाली एक निळे रंगद्रव्य लपलेले असते, फायकोसायनिन. कोरड्या वजनाच्या साधारण दहा ते वीस टक्के. ते पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही, आणि या एका फरकावर सगळी कृती बेतलेली आहे. शेवाळ पाण्यात कालवून गोठवायचे, मग वितळवायचे. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि निळा रंग पाण्यात उतरतो. यंत्रात फिरवून हिरवा चोथा खाली बसवायचा, वरचे निळे पाणी घ्यायचे. त्यात अमोनियम सल्फेट घातले की निळे प्रथिन फाटलेल्या दुधासारखे खाली बसते. ते पुन्हा विरघळवून बारीक पडद्यातून गाळायचे. जितक्या वेळा शुद्ध कराल तितकी किंमत चढते. शुद्धता मोजायला प्रकाश शोषण्याचे एक गुणोत्तर वापरतात: ०.७ च्या पुढे गेले की खाद्यपदार्थात चालते, ४ च्या पुढे गेले की प्रयोगशाळेच्या कामाचे. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेटे आणि च्युइंगमसाठी हा रंग मंजूर केला. खाण्यासाठी नैसर्गिक निळा रंग मिळणे दुर्मीळ, म्हणून मागणी वाढली. याच कुळातली रंगद्रव्ये प्रकाश पडला की झगमगतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातल्या सीडी-४ पेशी मोजताना पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना अशीच चमकणारी रंगद्रव्ये जोडतात आणि यंत्र त्या चमकेवरून पेशी ओळखते. शेवाळाचा आरोग्यसेवेला झालेला हा उपयोग मला कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचा वाटतो, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

हा निळा रंग नाजूक असतो. पन्नास अंशांच्या आसपास तापवला की तुटू लागतो, आंबट पदार्थात टिकत नाही. म्हणजे गरम हवेत वाळवलेल्या, महिनोन् महिने ठेवलेल्या आणि लिंबूपाण्यातून घेतलेल्या पावडरीत त्याचे किती उरले हे सांगणे अवघड. आणि पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखेच पचते. फायकोसायनिनवर परीक्षानळीत झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष पत्रकावर छापून गोळ्या विकणे म्हणजे ऊस दाखवून दारू विकण्याचाच प्रकार आहे.

नारिंगी रंग आणि बिडी ओढणारे

दुसरे शेवाळ डुनालिएला. हे मिठागरात वाढते. मीठ जितके कडक आणि ऊन जितके तीव्र, तितके ते स्वतःच्या बचावासाठी नारिंगी रंगाने भरत जाते. कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहून अधिक. हा रंग म्हणजे बीटा-कॅरोटीन, गाजरातला तोच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगून या गुलाबी सरोवरावर याचे शेकडो हेक्टरांवर पसरलेले हौद आहेत. या शेवाळाला कडक पेशीभित्तिका नसते, त्यामुळे ते सहज फुटते आणि कॅरोटीन तेलात उतरवता येते.

शरीर बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मुलांना रातांधळेपणा येतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर डाग पडतात. तेव्हा ते देणे चांगलेच. पण ‘गाजर चांगले तर त्याचा अर्क दहापट चांगला’ हा समज किती महाग पडू शकतो हे फिनलंडमध्ये दिसले. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अनेक वर्षे चाचणी चालली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले होते. आशा ही की कॅन्सर टळेल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती, धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक घेऊन. तिथे कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दोन्ही देत होते. १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण कॅन्सर २८ टक्के जास्त दिसत होता.

या चाचण्यांतले कॅरोटीन कारखान्यात रसायनांपासून बनवलेले होते, शेवाळातले नव्हते, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे. पण शेवाळातले कॅरोटीन तेवढ्याच मात्रेत धूम्रपान करणाऱ्यांना निर्धोक आहे, हे कुणी सिद्ध केलेले नाही. आपल्या समाजात बिडी ओढणारे वडीलधारे कमी नाहीत, सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात उमेद घालवलेलेही आहेत. त्यांनी बीटा-कॅरोटीनच्या तीव्र कॅप्सूल घेऊ नयेत, एवढे स्पष्ट सांगतो. लाल भोपळा, पपई, गाजर, शेवग्याचा पाला पोटभर खावा; त्याने असा धोका दिसलेला नाही.

याच रंगांच्या कुळातला तिसरा, अ‍ॅस्टाझँथिन, लाल. हिमॅटोकॉकस नावाचे शेवाळ आधी हिरवे वाढवतात, मग त्याला उपाशी ठेवतात आणि कडक उजेडात आणतात. ते घाबरून जाड कवचात शिरते आणि लाल होते. कवच फोडून त्यावर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड सोडतात. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या ७३ पटींपलीकडे हा वायू ना धड वायू राहतो ना द्रव, आणि चरबीत विरघळणारे पदार्थ ओढून घेतो. दाब सोडला की वायू उडून जातो, लाल तेल मागे राहते, रसायनाचा अंशही उरत नाही. कॉफीतले कॅफिन याच पद्धतीने काढतात. पद्धत सुंदर आहे, यंत्र महाग आहे, आणि त्या लाल कॅप्सूलने तारुण्य टिकते असे म्हणायला भक्कम पुरावा नाही. पुढे जाऊ.

माशाआधीचे तेल

शेवाळातून काढलेल्या सगळ्या वस्तूंत माणसाच्या पोषणात ज्याने खरी जागा मिळवली ते डीएचए हे तेल. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यात ही चरबी भरपूर असते. आपण ती माशांची म्हणून ओळखतो, पण मासा ती फारशी तयार करत नाही. तो शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांना खातो आणि ती साठवतो. मग थेट शेवाळाकडेच का जाऊ नये?

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात १९८५ मध्ये सुरू झालेल्या मार्टेक कंपनीने हे केले. कंपनीच्या संशोधनाची मुळे अंतराळ प्रवासात शेवाळ वापरता येईल का या जुन्या अभ्यासात होती. त्यांनी निवडलेल्या जीवाला ऊन लागतच नाही. तो बंद टाकीत, अंधारात, साखरेवर वाढतो, ताडीसारखा आंबवून. पेशी तेलाने टच्च भरल्या की त्या वाळवतात, हेक्झेन या द्रावकाने तेल ओढतात, द्रावक उडवून टाकतात आणि उरलेले तेल शुद्ध करतात. सोयाबीनचे तेल काढतानाही हेक्झेनच वापरतात, तेव्हा नावाने दचकू नये. या तेलात सुमारे ४० टक्के डीएचए असते. २००१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने बाळांच्या दुधाच्या पावडरीत ते घालायला हरकत घेतली नाही आणि पुढच्या वर्षापासून डबे बाजारात आले.

डब्यावर ‘डीएचए’ ठळक अक्षरांत असते, आणि ते वाचून आईला वाटते की आपल्या दुधात काहीतरी कमी आहे. आईच्या दुधात डीएचए असतेच. ते तेल पावडरीत घालावे लागले ते पावडर आईच्या दुधाच्या जवळ नेण्यासाठी. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांना असे तेल घातलेली पावडर दिल्याने बुद्धी वाढते का, यावरच्या बहुतेक चाचण्यांत ठोस फरक दिसला नाही. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हाच नियम.

गरोदर बाईला मात्र या चरबीचा उपयोग आहे. २०१८ मध्ये सत्तर चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा ओमेगा-३ घेणाऱ्या गरोदर स्त्रियांत दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचे प्रमाण कमी दिसले. जी मासे खात नाही तिच्यासाठी शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे रास्त आहे. आपल्या बहुतेक घरांत मासे वर्ज्य नाहीत. बांगडा, तारली हे मासे डीएचएने भरलेले आणि तुलनेने स्वस्त. जिथे ताजी मासळी पोहोचत नाही तिथे आठवडी बाजारात सुके मासे मिळतात. मीठ जास्त असते, ते धुऊन घ्यावे. सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी महागडी ओमेगा कॅप्सूल गिळावी, हा त्यांचा प्रश्न.

आता ती बाटली

आता हिरव्या गोळ्यांकडे परत येऊ. साठ टक्के प्रोटीन हे खोटे नाही. वाळलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिन असते. पण कशाचे साठ टक्के? दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या घेतल्या तर तीन ग्रॅम. त्यातले प्रथिन दोन ग्रॅमही नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम असते. मूठभर शेंगदाण्यात सात. बाटलीची किंमत महिन्याच्या दिवसांनी भागा आणि रोज तेवढ्याच पैशांत किती अंडी येतात ते मोजा. हे गणित प्रत्येकीने आपल्या गावच्या भावाने करून पाहावे.

रक्तवाढीचे गणित याहून गंभीर आहे. शंभर ग्रॅम स्पिरुलिनात लोह असते साधारण २८ मिलिग्रॅम. म्हणजे तीन ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही नाही. उपकेंद्रात आशाताई जी लाल गोळी फुकट देते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. साठ कुठे आणि एक कुठे! बायका सांगतात, लाल गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, पोट गच्च राहते. हिरव्या गोळीने काही त्रास नाही. त्रास नाही, कारण तिच्यात त्रास देण्याइतके लोहच नाही. लाल गोळी जेवणानंतर घ्यावी, वर लिंबू किंवा आवळा, आणि तास-दोन तास चहा टाळावा. काळी शौच म्हणजे आजार नव्हे, न शोषलेले लोह बाहेर पडते. गरोदरपणात सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईने लाल गोळी सोडून तीन महिने हिरवी गोळी घेतली, तर ती थेट बाळंतपणातल्या रक्तस्रावाच्या दारात जाऊन उभी राहते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडे आदिवासी बांधवांत आणि बौद्ध समाजासह काही अनुसूचित जातींत सिकल सेल आजार आढळतो. रक्त कमी असण्याचे कारण तो असेल तर ना हिरवी गोळी उपयोगाची, ना लोहाची गोळी डोळे मिटून घेण्याची. अशा रुग्णाला फॉलिक अ‍ॅसिड लागते. लोह द्यायचे की नाही हे शरीरातला लोहाचा साठा तपासून डॉक्टर ठरवतात. वारंवार सांधे दुखणारे, डोळे पिवळे होणारे मूल घरात असेल तर आधी सिकल सेलची तपासणी करून घ्या. २०२३ च्या जुलैपासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

बी-१२ बद्दल तर चक्क फसगत आहे. स्पिरुलिनात जे बी-१२ म्हणून मोजले जाते ते बहुतांश त्याच्यासारखे दिसणारे वेगळेच रसायन आहे, शास्त्रज्ञ त्याला छद्म बी-१२ म्हणतात. जुन्या तपासणी पद्धतीत जिवाणू वाढवून जीवनसत्त्व मोजत. जिवाणूला दोन्ही चालतात, म्हणून आकडा फुगतो. माणसाच्या शरीराला मात्र हे नकली चालत नाही. नेदरलँड्समध्ये १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या मुलांना समुद्री शेवाळ आणि स्पिरुलिना दिले. रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला, पण तांबड्या पेशींचा बिघाड सुधारला नाही. ज्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते, त्यांनी गोळ्यांत महिने घालवू नयेत. या कमतरतेने मज्जातंतूंना झालेली इजा उशीर केल्यास पूर्ण भरून येत नाही. खरे बी-१२ कलेजी, मासे, अंडी, दूध यांत आहे, आणि जास्त कमतरता असेल तर इंजेक्शनात.

मग स्पिरुलिना निरुपयोगी म्हणायचे का? नाही. त्यात कॅरोटीन चांगले असते, आणि आपल्याच देशात लहान मुलांना रोज ग्रॅमभर देऊन अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर त्याचा उपयोग पाहिला गेला आहे. म्हैसूरच्या संस्थेने स्पिरुलिना घातलेली चिक्कीही तयार केली. लहान लहान चाचण्यांत कोलेस्टेरॉल आणि साखर किंचित उतरलेली दिसली आहे, औषध बंद करावे इतकी नव्हे. चाडमधल्या बायकांसारखे कुणी मूठभर वडी रोजच्या कालवणात घालत असेल तर ते अन्नच आहे. चिमूटभर गोळी मात्र अन्न नव्हे आणि औषधही नव्हे.

ज्यांना परवडते, आवडते, त्यांनी घ्यावी. पण गाउट म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजणारे, फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेली मुले, आणि ल्युपससारख्या आजारावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी टाळावी. उघड्या तलावातून गोळा केलेल्या मालात दुसऱ्या विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाची भेसळ होऊ शकते. ते विष यकृतावर घाव घालते. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने तिथल्या एका सरोवरातल्या मालासाठी १९९० च्या दशकात ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादाच घालून दिली. शेवाळ पाण्यातले शिसे, आर्सेनिकही ओढून घेते. म्हणून बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य तिथे बारीक अक्षरांत सापडेल. कायद्याने ते छापावेच लागते. ते वाक्य विकणाऱ्या ताईला मोठ्याने वाचायला सांगा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही तिच्या कानावर घाला. तिलाही बहुधा कुणी सांगितलेले नसते, तीही वरच्याचे हप्ते फेडत असते.

शेवटी बचत गटांसाठी दोन शब्द. ‘परसात टाकी बसवा, बियाणे आम्ही देतो, माल आम्हीच परत घेतो’ अशी प्रशिक्षणे ठिकठिकाणी होतात. टाकीच्या एका चौरस मीटरमागे चांगल्या उन्हात दिवसाला आठ-दहा ग्रॅम कोरडा माल निघतो, पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या हौदाला दिवसाकाठी किलोभरही नाही. जास्त पैसा निळा रंग वेगळा काढून शुद्ध करण्यात आहे, आणि ते काम परसातल्या टाकीवर होत नाही. तुमच्या हातात राहते ती कच्ची पावडर, जिचा भाव घेणारा ठरवतो. तेव्हा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: किलोला किती भाव आणि किती वर्षे, शिसे आणि जंतूंच्या तपासणीचा खर्च कुणाचा, आणि खाद्य परवाना कुणाच्या नावावर राहणार. चौथी गोष्ट तोंडीच विचारा, त्यांच्याकडून माल परत घेतला गेलेल्या एका तरी गटाचा पत्ता. तो मिळाला की एसटीने जाऊन त्या बायकांना भेटून या.